ढोल-ताशा, झांज आणि शाळेच्या बँड पथकांच्या स्पर्धेत गट कसे पाडावेत?

सरळ सांगतो, डोकी मोजून गट पाडू नका. त्याने भांडण मिटणार नाही, फक्त निकालाच्या टेबलावरून उठून नोंदणीच्या टेबलावर जाऊन बसेल.

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: शिवजयंतीला तालुक्याच्या गावी संचलन-वादनाची स्पर्धा घेताय. वीस-बावीस नोंदण्या येतात. त्यात शाळांचे बँड आहेत, झांजपथकं आहेत, ढोल-ताशा आहे, हलगी-घुमक्याची एक-दोन पथकंही आहेत. गेल्या वर्षी सगळ्यांना एकाच गटात उतरवलं आणि निकालावरून वादंग झालं. आता मंडळात ठराव आलाय की तीस वादकांपर्यंत लहान गट, साठपर्यंत मध्यम आणि त्यावर मोठा. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. ताशा वाजवत मोठा झालो, आता एका शाळेच्या बँडला शिकवतो आणि जिल्ह्यात अधूनमधून परीक्षकाच्या खुर्चीतही बसतो. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्यात.

डोक्यांच्या हिशेबाचं काय होतं ते सांगतो. एका स्पर्धेत मध्यम गटाची मर्यादा पन्नास होती. एका पथकाने एकोणपन्नास वादक लिहून दिले आणि वर दहा-बारा जण ध्वजधारी म्हणून. ध्वज म्हणजे वादक नव्हे, नियमात बसतंय. मैदानात उतरल्यावर पहिला हात (म्हणजे ठरवून बसवलेला वादनाचा तुकडा) संपला, ध्वज कडेच्या पोरांकडे गेले आणि ध्वजधाऱ्यांच्या कमरेच्या शेल्यातून झांजा बाहेर आल्या! परीक्षकांनी नियमपुस्तिका उघडली तर ध्वजधाऱ्याने झांज वाजवू नये असं कुठंच लिहिलेलं नाही. पुढं काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. उलटंही होतं. मर्यादा साठची असली की पासष्ट पोरांचं पथक मध्यम गटात बसावं म्हणून पाच जणांना घरी बसवतात, आणि ते पाच कोण असतात? नवीन शिकणारे. ज्यांच्यासाठी स्पर्धा घ्यायची तेच बाहेर.

आणि मुळात संख्येने आवाजात किती फरक पडतो? वीस ढोलांचे चाळीस केले की आवाज दुप्पट झाला असं आपल्याला वाटतं. मोजला तर तो ३ डेसिबलने वाढलेला असतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वीसाचे दोनशे ढोल करावे लागतील. दुसरीकडं संख्या वाढली की वाजवणं अवघड होत जातं, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ढोलांची रांग ३४ मीटर लांब गेली, तर पुढच्या ताशाचा ठोका शेवटच्या ढोलाला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या चालीत पाव ठोका म्हणजे ०.१२५ सेकंद. मागचा पोरगा कानावर विसंबला तर तो जवळजवळ पाव ठोका मागे राहणार, आणि त्याचा ढोल पुढे परीक्षकापर्यंत यायला परत तेवढाच वेळ जाणार. गणपतीत महाद्वार रोडवर लांबलचक पथक जाताना हे कुणालाही ऐकू येईल: पुढे ताशा स्वच्छ आणि मागून ढोलांचा घोळ. म्हणून जाणती पथकं मागच्या रांगांना कान बंद करून हाताकडे बघायला शिकवतात. ताशेवाला नाही, हात वर करणारा पथकप्रमुख लय धरतो.

म्हणजे मोठ्या पथकाला फायदा होतो तो डोळ्यांचा. ऐंशी फेटे एकदम फिरले की प्रेक्षक शिट्ट्या मारतात आणि परीक्षकही माणूसच असतो. त्याचा इलाज गुणपत्रिकेत आहे, गटात नाही. त्यावर पुढे येतो.

संख्येची मर्यादा घाला, पण ती मैदानाच्या मापाने. किमान इतके, कमाल इतके, सगळ्या गटांना सारखी. पुण्यात २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने विसर्जन मिरवणुकीत एका पथकात ३० च वादक असावेत असा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली. पण तो वाद गोंगाटाचा आणि गर्दीचा होता. कोण किती चांगलं वाजवतं याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

बाहेर काय करतात तेही बघण्यासारखं आहे, कारण हा झगडा सगळ्यांनी करून झालाय. अमेरिकेत तरुणांच्या ड्रम कोअरची, म्हणजे ड्रम आणि पितळी वाद्यं वाजवत संचलन करणाऱ्या पथकांची, मोठी स्पर्धा १९७२ पासून भरते. तिथे बरीच वर्षं तुमच्या मंडळासारखाच विचार होता: साठपर्यंत वादकांचा एक विभाग, त्यावरच्यांचा दुसरा, आणि सगळ्यात वर पहिला विभाग. २००८ मध्ये त्यांनी खालचे दोन विभाग एकत्र करून टाकले. आता वर्ल्ड क्लास आणि ओपन क्लास अशी नावं आहेत. तिथल्या शाळांच्या बँडचं वेगळं. त्यांच्यात बऱ्याच ठिकाणी बँडची संख्या मोजत नाहीत, शाळेचा पट मोजतात. टेक्ससमध्ये १ए ते ६ए अशा पायऱ्या पटावरच ठरतात. हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण आपल्याकडं बसत नाही. दोन हजार पटाच्या शाळेत बँडला पंचवीस पोरं मिळायची मारामार, कारण दहावीच्या क्लासपुढं कोण सोडतंय. आणि राधानगरीकडच्या एखाद्या हायस्कूलचा पट तीनशे, पण तिथं अख्खं गाव झांज धरणारं. पटावरून पोरं किती ते कळतं, हौस किती ते नाही.

मला पटते ती स्कॉटलंडच्या पाइप बँडवाल्यांची, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रमच्या पथकांची, पद्धत. पहिली श्रेणी, दुसरी, मग ३ए, ३बी, ४ए, ४बी, आणि शाळकरी मुलांच्या श्रेणी वेगळ्या. कोण कुठल्या श्रेणीत हे वाजवण्यावरून ठरतं. हंगाम संपला की कामगिरी बघून बँडला वर चढवतात किंवा खाली उतरवतात. ब्रिटनमधल्या ब्रास बँडचंही तसंच: वरचा चॅम्पियनशिप विभाग, खाली पहिला ते चौथा, आणि चढ-उतार निकालांवर.

आता तुमच्या वीस-बावीस पथकांचं बघू.

पहिली फोड वाद्याची करा. याला पर्याय नाही. शिक्षण मंत्रालयाच्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेतही ब्रास बँड आणि पाइप बँड वेगळे असतात, त्यातही मुलांचे आणि मुलींचे वेगळे. मुला-मुलींची फोड मात्र तालुक्याला करू नका. आपल्याकडच्या झांजपथकांत पोरी पुढच्या रांगेत असतात, त्यांना वेगळं काढायचं काहीच कारण नाही. तर शाळेचे बँड, झांजपथक आणि ढोल-ताशा असे तीन.

हलगीवाल्यांना यातल्या कुठल्याच गटात कोंबू नका. हलगीचं कातडं शेकल्याशिवाय बोलत नाही. फेब्रुवारीच्या संध्याकाळी गारवा पडला की ती सैल पडते, मग कोपऱ्यात पाचट नाहीतर वर्तमानपत्र पेटवायचं, हलगी जाळावर धरून फिरवत राहायची, बोटाने टिचकी मारून बघायची, आणि ताण आला की लगेच वाजवायला उभं राहायचं. दहा मिनिटं थांबलं की परत शेकणं आलं. आणि तुमच्या पत्रकात लिहिलेलं असतं, ‘नाव पुकारल्यानंतर तीन मिनिटांत मैदानात हजर राहावे.’ प्लास्टिकच्या पानाचे ढोलवाले आरामात येतात, हलगीवाला जाळ विझवत पळत येतो. दोनच पथकं असतील तर त्यांना क्रमांकाच्या शर्यतीत ओढू नका. उद्घाटनाला वाजवायला सांगा, व्यवस्थित मानधन द्या, आणि शेकायला जागा द्या. पाच पथकं जमली की पुढच्या वर्षी गट करा.

हा पाचाचा आकडा सगळीकडं लावा. एका गटात पाचपेक्षा कमी पथकं असतील तर तो गट वेगळा काढू नका. नाहीतर तीन पथकांत तीन ढाली वाटण्याचा कार्यक्रम होतो. फोटो छान येतात, पण पोरांनाही कळतं.

दुसरी फोड शाळा आणि खुला. शाळेच्या गटात फक्त त्या शाळेच्या पटावरची मुलं, मुख्याध्यापकांच्या सहीची फोटोसह यादी. शिक्षकाने वाजवायचं नाही, माजी विद्यार्थ्याने तर नाहीच. माजी विद्यार्थी हा फार प्रेमळ प्राणी असतो आणि ताशावर बसला की उठत नाही.

तिसरी फोड फक्त खुल्या गटात, आणि तीही पथकं पुरेशी असतील तरच. ‘अ’ आणि ‘ब’. कुणी कुठं उतरायचं हे पथकालाच ठरवू द्या. गावच्या जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात पैलवान आपल्या वकुबाप्रमाणे शंभराच्या कुस्तीला उभा राहतो की हजाराच्या, आणि जोड विजोड वाटली तर वस्ताद मंडळी मध्ये पडून बदलतात, तसंच इथं. तुमचे वस्ताद म्हणजे तीन माणसांची समिती. नोंदणीबरोबर सरावाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मागवा, एडिट न केलेला, मोबाइलवर काढलेला. समितीला वाटलं की हे ‘ब’वाले मुद्दाम खाली उतरतायत, तर त्यांना वर ढकलायचा अधिकार ठेवा. खाली ढकलायचा ठेवू नका, त्यात फक्त अपमान आहे.

याला एक खुंटी मारायची: ‘ब’मध्ये पहिला आला तो पुढची दोन वर्षं ‘अ’मध्येच वाजवणार. हे एक कलम नसेल तर बाकी सगळं फुकट. दरवर्षी तेच पथक ‘ब’ची ढाल घेऊन जाईल आणि नवी पथकं तिसऱ्या वर्षी नोंदणीच करणार नाहीत. नाव बदलून येण्याची वाटही बंद करा: निम्म्याहून जास्त वादक जुन्या पथकातले असतील तर ते जुनंच पथक धरायचं.

खरं दुखणं उसन्या वादकांचं आहे, आणि ते कुठल्याही गटवारीने जात नाही. चांगला ताशेवाला सकाळी एका पथकात, दुपारी दुसऱ्यात. सुपाऱ्या घेणारं पथक आणि हौसेने वाजवणारं पथक यांची तुलना होत नाही. नाटकवाल्यांनी हे फार आधी ओळखलं, म्हणून राज्य नाट्य स्पर्धेत हौशी रंगभूमी वेगळी ठेवली. तालुक्याला हौशी-व्यावसायिक असा वेगळा गट झेपणार नाही, पण एक वादक एकच पथक हा नियम झेपतो. आधार कार्डाच्या झेरॉक्सचा गठ्ठा जमवण्यापेक्षा मनगटावर पथकाच्या रंगाची कागदी पट्टी बांधा, जत्रेत पाळण्यात बसताना बांधतात तशी. फाडल्याशिवाय निघत नाही. कार्यकर्त्यालाही लांबून दिसते.

आता गुणपत्रिका. अमेरिकन ड्रम कोअरच्या शंभर गुणांत ४० एकंदर परिणामाला असतात, ३० दृश्याला, ३० संगीताला. तुमच्याकडं मी संगीताला ५० देईन, संचलनाला ३०, एकंदर परिणामाला २०. आणि संगीताचा परीक्षक मैदानाकडे पाठ करून बसवा. हसू नका, खरंच बसवा. फेटे, ध्वज, रांगोळी, घोड्यावरचे बालशिवाजी यातलं काही त्याला दिसता कामा नये. त्याने फक्त ऐकायचं: ताशाच्या काड्या स्वच्छ पडतात का, ढोलाचं टिपरू (काठीचा ठोका) आणि थापी (हाताची थाप) एकमेकांत मिसळतात का, हात बदलताना लय पळते का. चाल चढवताना सगळ्यांची पळते, पण कुणाची किती ते पाठमोऱ्यालाच नीट ऐकू येतं. मोठं पथक डोळे दिपवून जे मिळवतं ते मग संचलन आणि परिणामाच्या रकान्यातच मिळवेल.

बक्षिसाचंही विचारलंय तुम्ही, सगळ्या गटांना सारखी रक्कम ठेवावी का. नको. ‘अ’चं तिसरं बक्षीस ‘ब’च्या पहिल्यापेक्षा थोडं जास्तच ठेवा, म्हणजे वर चढायला भीती वाटणार नाही. ढाली हव्या तर सारख्या उंचीच्या द्या, त्यावरूनही भांडणारे असतात. हरकतीची फी ठेवा, पाचशे पुरे, हरकत खरी निघाली तर परत. आणि नियम मराठीत, एका पानात, नोंदणीच्या अर्जाच्या मागेच छापा, खाली पथकप्रमुखाची सही घ्या. ध्वजधाऱ्याने वाजवू नये हे कलम त्यात टाकायला विसरू नका.