यादीवर तरंगणारं बटण असेल तर कंपन कोणी द्यायचं?

तुम्ही विचारलंय की यादीच्या वर एक तरंगती पट्टी आहे, पट्टीला आणि खालच्या ओळींना दोघांनाही कंपन जोडलंय, आणि बोट त्या भागात पडलं की अँड्रॉइड फोन दोनदा थरथरतो. मग दोघांना वेगवेगळ्या प्रकारचं कंपन द्यावं का?

नका देऊ. मी हे करून तोंडावर पडलोय.

मी नागपुरात लहान व्यापाऱ्यांसाठी ॲप बनवतो. कळमन्याच्या मार्केटातल्या एका अडत्यांसाठी क्रेट मोजायचं ॲप केलं होतं. लिलावाच्या गलक्यात आवाज ऐकू येत नाही, मुनीमजींची नजर काट्यावर, म्हणून मी कंपनावर भिस्त ठेवली: एकदा थरथरलं की नोंद पक्की, दोनदा थरथरलं की खोडली. अंबिया बहाराच्या संत्र्यांची आवक जोरात असताना संध्याकाळी हिशेब जुळेना. एकाच शेतकऱ्याचे २२ क्रेट दोनदा चढलेले. मुनीमजी म्हणाले, "भाऊ, हा फोन दोन डाव काहून थरथरते? मले वाटलं नोंद खोडल्या गेली, म्हून पुन्हा टाकली."

चूक माझीच होती. खाली 'एकूण' दाखवणारी अर्धपारदर्शक पट्टी शेवटच्या ओळीवर चढलेली होती. तिच्या टच लिसनरमध्ये (स्पर्श झाला की चालणाऱ्या कोडमध्ये) मी बोट टेकताक्षणी कंपन देत होतो आणि फॉल्स, म्हणजे 'हा स्पर्श माझा नाही', असं परत करत होतो. अँड्रॉइडमध्ये स्पर्श आधी सगळ्यात वरच्या व्ह्यूकडे (पडद्यावरच्या घटकाकडे) जातो. त्याने फॉल्स म्हटलं आणि तो क्लिकेबलही (दाबता येणारा) नसला की खालच्याकडे. म्हणजे पट्टीने कंपन देऊन हात झटकले, स्पर्श ओळीला मिळाला, बोट उचलल्यावर ओळीने नोंद पक्की करून आपलं कंपन दिलं. मुनीमजींच्या अंगठ्याला दोन ठोके.

तेव्हापासून माझ्याकडे एकच नियम आहे: ज्याने स्पर्श खरोखर घेतला त्यानेच कंपन द्यायचं, तेही काम झाल्यावर. टेकताक्षणी दिलं तर आणखी एक घोळ होतो. बोट टेकलं आणि माणूस यादी सरकवू लागला की ओळीला ॲक्शन कॅन्सल (स्पर्श रद्द झाल्याचा निरोप) येतं, पण "दाबलं" असं तुम्ही आधीच सांगून बसलेले असता. म्हणून कंपन क्लिकच्या आत ठेवा. अपवाद कीबोर्डचा: तिथे टेकताक्षणीच हवं, नाहीतर टाइप करताना मागे पडल्यासारखं वाटतं. पण कळा एकमेकींवर चढत नाहीत, त्यामुळे तिथे हा वादच नाही.

लाँग प्रेसचीही (बोट दाबून धरण्याचीही) गंमत बघा. लाँग क्लिक लिसनरने ट्रू ('मी घेतला') परत केलं की सिस्टिम स्वतःच कंपन देते. त्यात तुम्ही हाताने आणखी एक घातलं की झाले दोन. बरेच जण इथेच अडकतात आणि दोष वरच्या बटणाला देतात.

आता वेगवेगळ्या कंपनांबद्दल. तुमच्या टेबलावरच्या महागड्या फोनमध्ये लिनिअर (पुढेमागे हलणारी) मोटर असेल, त्यात टिक आणि क्लिक हे कंपनाचे प्रकार स्पष्ट वेगळे जाणवतात. मार्केटातल्या स्वस्त फोनमध्ये मात्र बहुतेक वेळा एका बाजूला जड वजन लावलेली फिरती मोटर असते. ती वेग घ्यायलाच बरेच मिलीसेकंद घेते, थांबायलाही वेळ लावते. तिच्यात टिक, क्लिक, हेवी क्लिक सगळे एकच, 'घर्र'. फोनला हॅज-ॲम्प्लिट्यूड-कंट्रोल (कंपनाचा जोर कमीजास्त करता येतो का) विचारून बघा. फॉल्स आलं तर हलकं-जड हा भेद विसराच. मी आता फक्त आहे किंवा नाही एवढाच फरक वापरतो. खोडण्यासाठी लाल पट्टी आणि 'परत घ्या' बटण ठेवलंय.

बोट सरकवत एका कंट्रोलवरून दुसऱ्यावर जायचं असेल, जसं स्लायडरवर, तर सीमेवर ठोका देणं चांगलं. पण बोट नेमकं सीमेवर टेकून राहिलं की ते पाच-सहा पिक्सेल इकडेतिकडे हलतं आणि फोन भुंग्यासारखा गुणगुणतो. त्यासाठी नवा कंट्रोल धरायला सीमेच्या पुढे आठेक डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरच्या अंतराचं एकक) जाऊ द्या, मग ठोका.

आणि शक्य असेल तर कंट्रोल एकमेकांवर आणूच नका. यादीला खालून पट्टीच्या उंचीएवढं पॅडिंग (रिकामी जागा) द्या, क्लिप टू पॅडिंग (त्या जागेत ओळी कापणं) बंद करा, म्हणजे शेवटची ओळ पट्टीच्या वर सरकते. दोन ओळींचा कोड. मी तो शेवटी लिहिला, आधी लिहायला हवा होता.

तपासताना फोन टेबलावर ठेवू नका, टेबल कंपन मोठं करून सांगतं. स्वस्तातला फोन, जाड कव्हर, हातात धरून, डोळे दुसरीकडे. मी गोकुळपेठेत तर्री पोहे खात एका हाताने तपासतो. कव्हर जरा तेलकट होतं.