वाचकांचे प्रश्न : डेटाबेस एकाच पीसीवर चालतो, दुसऱ्यावरून लागत नाही

प्रश्न : आमचं सांगलीत औषधांचं होलसेलचं काम आहे. गोडाउनमधल्या पीसीवर उबुंटू टाकून पोस्टग्रेस डेटाबेस बसवलाय, त्या पीसीवर सगळं नीट चालतं पण पुढच्या काउंटरवरच्या विंडोज पीसीवरून कनेक्ट केलं की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. पोस्टग्रेसच्या सेटिंगमधल्या लिसन_अ‍ॅड्रेसेसमध्ये काउंटरच्या पीसीचा आयपी घालून बघितला तर सर्व्हिसच उठेना, मग तो काढून टाकला. भाचा म्हणतो सगळीकडे स्टार आणि ट्रस्ट टाक, मोकळा होशील. टाकू का? आणि रात्री घरून स्टॉक बघता आला तर अजूनच बरं.

उत्तर : स्टार एकवेळ चालेल, ट्रस्ट अजिबात नको. (सेटिंगची नावं इथे देवनागरीत छापतोय, तुम्ही टाइप अर्थातच इंग्रजीत करा.)

पहिलं म्हणजे एरर नीट वाचायचा, कारण पोस्टग्रेस गाडी कुठे अडली ते बऱ्यापैकी सरळ सांगतं. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुतेक वेळा तुमची विनंती गोडाउनच्या मशीनपर्यंत पोचली पण ५४३२ पोर्टवर, म्हणजे पोस्टग्रेसच्या ठरलेल्या दारावर, ऐकायला कोणी नव्हतं. नुसतं गोल गोल फिरून टाइमआउट आला तर फायरवॉल नाहीतर चुकीचा आयपी. ‘पीजी_एचबीएमध्ये एन्ट्री नाही’ (पीजी_एचबीए म्हणजे कोणाला आत घ्यायचं त्याची फाइल) असं आलं तर खूश व्हा, नेटवर्कचं काम झालंय, फक्त परवानगीची ओळ राहिलीय. आणि पासवर्ड फेल आला तर सगळे रस्ते मोकळे आहेत, युजर आणि पासवर्ड तेवढा बघायचा.

तुमच्याकडे पहिलाच प्रकार आहे. पोस्टग्रेस बसवल्यावर लिसन_अ‍ॅड्रेसेसची किंमत लोकलहोस्ट असते, म्हणजे सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनवरून आलेल्यांचं ऐकतो. आता इथे निम्मे लोक घसरतात आणि तुमचंही तेच झालं, या सेटिंगमध्ये क्लायंटचा पत्ता येतच नाही, सर्व्हरने स्वतःच्या कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते इथे लिहायचं असतं. काउंटरचा आयपी गोडाउनच्या मशीनचा नाहीच, तर पोस्टग्रेस त्याच्यावर बसणार कसं? एकही पत्ता धरता आला नाही की ते चालूच होत नाही, लॉगमध्ये तसं लिहिलेलं सापडेल. म्हणून तिथे लोकलहोस्ट, स्वल्पविराम आणि गोडाउनच्या पीसीचा स्वतःचा आयपी लिहा, समजा १९२.१६८.१.१०. किंवा स्टार टाका, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकेल, दुकानाच्या आतल्या नेटवर्कवर त्याने काही बिघडत नाही. आयपी लिहिणार असाल तर राउटरमध्ये जाऊन तो त्या मशीनला कायमचा बांधून घ्या, नाहीतर राउटर एक दिवस दुसराच आयपी देईल आणि तुम्ही परत हाच प्रश्न पाठवाल. ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्हही काढा, ते राहिलं तर तुम्ही काहीही लिहा, ती नुसती टीप म्हणून सोडून दिली जाते.

हे बदलल्यावर रिस्टार्टच लागतो, रीलोडने होत नाही. मग गोडाउनच्याच पीसीवर पीएसक्यूएलला (पोस्टग्रेसला कमांड द्यायचा प्रोग्रॅम) ‘-एच’ देऊन तोच १९२वाला आयपी द्या आणि बघा. हे महत्त्वाचं आहे, कारण ‘-एच’ न देता कनेक्ट केलं की ते नेटवर्कवरून जातच नाही, मशीनच्या आतल्या सॉकेटवरून जातं आणि ‘इथे तर चालतंय की’ असा भास होतो.

आता पीजी_एचबीए. फाइल कुठे आहे ते शोधत बसू नका, पीएसक्यूएलमध्ये ‘शो एचबीए_फाइल’ म्हणा, पत्ता मिळेल. तिथे एक ओळ वाढवा : होस्ट, मग डेटाबेसचं नाव, मग युजरचं नाव, मग १९२.१६८.१.०/२४, मग स्क्रॅम-एसएचए-२५६ (पासवर्ड तपासायची पद्धत). त्या /२४चा अर्थ शेवटचा आकडा कुठलाही चालेल, म्हणजे दुकानातले सगळे पीसी आले, एकाच पीसीला द्यायचं असेल तर त्याचा पूर्ण आयपी आणि /३२. पोस्टग्रेस ही फाइल वरून खाली वाचतं आणि जुळणारी पहिली ओळ घेतं, ती फेल गेली तर पुढची बघत नाही, त्यामुळे वर एखादी ढिली किंवा उलटी ओळ असली तर खालची तुमची ओळ नुसती शोभेला. या फाइलला मात्र रीलोड पुरतो.

ट्रस्ट म्हणजे पासवर्ड न विचारता आत घेणं. दुकानाच्या वायफायवरचा कोणीही, एमआरचा मोबाइल का असेना, ‘मी पोस्टग्रेस युजर’ म्हणाला की तो मालक, आणि तो मालक कॉपी कमांडमधून सर्व्हरवर प्रोग्रॅमही चालवू शकतो. भाच्याला हे दाखवा. नेटवर्कवरून त्या पोस्टग्रेस युजरने जाऊच नका, उबुंटूवर त्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो. वेगळा युजर करा, पासवर्ड द्या, लागतील तेवढेच टेबल द्या. बिलिंगचं सॉफ्टवेअर जुनं असेल आणि ‘ऑथेंटिकेशन टाइप १० सपोर्टेड नाही’ म्हणालं तर त्याचा ड्रायव्हर बदला, स्क्रॅम काढू नका. यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू असेल तर त्याच १९२वाल्या रेंजला ५४३२ उघडा.

घरून बघायचं असेल तर राउटरवर ५४३२ फॉरवर्ड करायचा मोह होतो. नको. एप्रिल २०१३ मध्ये पोस्टग्रेसने एक पॅच काढला होता, डेटाबेसच्या नावाची सुरुवात वजाच्या चिन्हाने करून कनेक्शन मागितलं की सर्व्हरच्या डेटा फाइली बिघडवता येत होत्या आणि त्याला लॉगिनही लागत नव्हतं, पोर्टपर्यंत पोचता आलं की बास. म्हणजे पासवर्ड कितीही भारी ठेवला तरी उघडं पोर्ट ते उघडंच. वायरगार्डसारखं व्हीपीएन (घरून दुकानापर्यंतचा बंद खासगी रस्ता) लावा नाहीतर तशाच कामाचं एसएसएच टनेल, पण एसएसएचला पासवर्ड बंद करून की, म्हणजे किल्लीची फाइलच ठेवा.

प्रश्न : आमचं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टचा फुकट डेटाबेस) आहे, दुसऱ्या पीसीवरून एरर २६ येतो, इन्स्टन्स सापडत नाही म्हणतं. वरचंच सगळं करायचं का?

उत्तर : तत्त्व तेच, जागा वेगळ्या. एक्सप्रेसमध्ये टीसीपी/आयपी मुळात बंद असतं, कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन चालू करा. एरर २६ येतो कारण इन्स्टन्सचं (मशीनवर चालणाऱ्या त्या नावाच्या डेटाबेस सर्व्हरचं) पोर्ट कुठलं ते एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर नावाची सर्व्हिस यूडीपी १४३४ वर सांगते आणि ती एकतर बंद असते नाहीतर फायरवॉलमागे. मी तर ती भानगडच ठेवत नाही : त्याच टीसीपी/आयपीच्या सेटिंगमधल्या आयपीऑलमध्ये डायनॅमिक पोर्टची जागा रिकामी करा (शून्यही नको), खाली १४३३ लिहा, सर्व्हिस रिस्टार्ट करा, विंडोज फायरवॉलमध्ये टीसीपी १४३३ फक्त लोकल सबनेटला उघडा. मग क्लायंटमध्ये इन्स्टन्सचं नाव न देता सर्व्हरचा आयपी, स्वल्पविराम, १४३३ असं द्या. कोलन नाही हं, स्वल्पविरामच.