पेशी प्रथिनांचं प्रमाण कसं राखते, आणि वयाने झालेले बदल उलटवता येतात का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: काही बदल उलटतात, काही नाही. सफाईची यंत्रणा मंदावली असेल तर आशा आहे. जुन्या प्रथिनाच्या जागी नवं कधी येतच नसेल तर फारशी नाही.

प्रथिनांचं प्रमाण म्हटलं की बहुतेक जण जनुक चालू-बंद होण्यापाशी थांबतात. पण हौदात येणाऱ्या पाण्याइतकंच जाणारं पाणीही पातळी ठरवतं. डीएनएला इजा झाल्यावर पेशीला सावरणारं पी५३ हे प्रथिन बघा. निरोगी पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडते. त्याचं अर्धायुष्य (निम्मं प्रथिन मोडायला लागणारा वेळ) जेमतेम २० मिनिटं. एमडीएम२ नावाचं प्रथिन त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण चिकटवतं आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतो. डीएनएला इजा झाली की पी५३वर फॉस्फेट हे छोटे रासायनिक गट बसतात, एमडीएम२ची पकड सुटते आणि उत्पादन न वाढताही पी५३ साठू लागतं. वरवर ही उधळपट्टी वाटते, पण संकटात नव्याने बनवत बसायला वेळ कुठला? पेशीतली ही व्यवस्था मला सगळ्यात देखणी वाटते. युबिक्विटिनच्या या कामाला २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रोटिअसोमला न पेलणारे प्रथिनांचे मोठे गोळे ऑटोफॅजीमार्फत (पेशीने स्वतःचाच कचरा पचवण्याची प्रक्रिया) लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या पाचक पिशव्यांकडे जातात.

वयानुसार ही सफाई ढिली पडते आणि घडी बिघडलेली प्रथिनं साचतात. २००८मध्ये उंदरांच्या यकृतात लायसोसोमवरच्या एका ग्राहक प्रथिनाचं (खराब प्रथिनं पकडून आत घेणाऱ्या रिसेप्टरचं) प्रमाण म्हातारपणीही घटू दिलं नाही, तेव्हा खराब प्रथिनं कमी साचली आणि यकृत चांगलं चाललं. अर्थात हे बिघाड टाळणं झालं, उलटवणं नव्हे. खरं उलटणं सी. एलिगन्स या सूक्ष्म कृमीच्या अंडपेशींत दिसलं (२०१७): शुक्राणूंचा संकेत मिळताच लायसोसोम आम्लधर्मी होतात आणि आधीच साचलेल्या गुठळ्या साफ होतात.

याउलट डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातलं क्रिस्टलिन हे प्रथिन. तिथल्या पेशींत ना केंद्रक, ना प्रथिनं बनवणारे रायबोसोम. जन्माआधी बनलेलं प्रथिनच आयुष्यभर वापरायचं. म्हणून मोतीबिंदूत भिंगच बदलावं लागतं.

ऑटोफॅजी वाढवणाऱ्या रॅपामायसिन या औषधाबद्दल तुम्ही वाचलं असेल. ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयातल्या उंदरांना दिल्यावरही त्यांचं आयुष्य वाढलं (२००९). माणसाचं वाढतं असा पुरावा नाही, आणि ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे. कृपया स्वतःच्या मनाने घेऊ नका.