कोल्हापुरातल्या शिलाहारकालीन रूपनारायण बसदीचं, म्हणजे जैन मंदिराचं, आज काय उरलंय?

 नक्की उरलंय ते दगडावरच्या अक्षरांत.

शिलाहार राजा गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने ही बसदी बांधली आणि राजाच्या 'रूपनारायण' या बिरुदावरून तिला नाव दिलं. माघनंदी सैद्धांतिक हे तिथले आचार्य. त्यांचे शिष्य आसपासच्या गावांतल्या बसद्या सांभाळत.

आचार्यांबद्दलचं हे कळतं शुक्रवार दरवाजाजवळच्या जैन मंदिरातल्या लेखावरून. गंडरादित्याचा मुलगा विजयादित्य याच्या काळातला, शक १०६५, माघ पौर्णिमा, चंद्रग्रहण. म्हणजे फेब्रुवारी ११४३. आसपासच्या अशाच एका बसदीला दिलेलं दान किती? कुंडी नावाच्या मोजकाठीने मोजलेलं पाव निवर्तन (जमिनीचं जुनं माप) शेत आणि बारा हातांचं घर. उद्देशही स्पष्ट: पार्श्वनाथाची पूजा, देवळाची डागडुजी, मुनींचा आहार. एवढ्याशा जमिनीत तिन्ही खर्च कसे भागत असतील कोण जाणे!

सनाचं गणित करताना बरेच जण फसतात. निंबदेवाच्या दुसऱ्या बसदीचा लेख शक १०५८ चा. सरळ ७८ मिळवले की ११३६ येतं. पण हा आकडा चालू शकाचा (सुरू असलेलं वर्ष धरून) आहे, गत शकाचा (फक्त पूर्ण झालेली वर्षं मोजून) नाही. लेखातलं राक्षस संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव) ताडून बघा, ११३५ निघतं.

दगड बघायला जाताना टॉर्च न्या आणि उजेड बाजूने तिरपा पाडा. समोरून मारला तर झिजलेली अक्षरं सपाट दिसतात. खडू, पीठ अजिबात चोळू नका, खाचा बुजतात. लिपी जुनी कन्नड आहे, त्यामुळे देवनागरी शोधत बसू नका.

शुक्रवार पेठेतला लक्ष्मीसेन मठ भट्टारकांची (जैन मठाधिपतींची) परंपरा चालवतो, पण तिथली आदिनाथांची उंच मूर्ती अलीकडची आहे.