सीट बेल्ट सोडल्यावर पटकन आत जात नाही, अर्धा बाहेरच लोंबतो. स्प्रिंग गेली असेल का?

स्प्रिंग गेली असण्याची शक्यता कमी आहे. तुम्ही लिहिलंय की पट्टा बाहेर सहज येतो, झटका दिला तर अडकतो, पण बकल सोडल्यावर रमतगमत आत जातो आणि शेवटचा हातभर तसाच लोंबून दारात चिमटतो. शेजारच्या सीटचा मात्र ठीक चालतो. ही लक्षणं बहुतेक वेळा साध्या मळाची असतात. चालकाचा पट्टा सगळ्यात जास्त वापरात असतो, म्हणून तो आधी मळतो. आणि पट्ट्यावर तेल फवारायचा सल्ला तुम्हाला ज्यांनी दिलाय, त्यांचं ऐकू नका. का ते पुढे सांगतो.

पट्टा गुंडाळून घेणारं रीळ, म्हणजे रिट्रॅक्टर, बहुतेक गाड्यांत पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या आवरणामागे असतं. त्याच्या एका बाजूला चपट्या पातीची, गोल गुंडाळलेली स्प्रिंग असते. ही स्प्रिंग मुद्दामच बेताच्या ताकदीची ठेवतात. कारण तुम्ही पट्टा लावून बसलेले असता तेव्हाही ती सतत ओढतच असते. जोरकस असती तर लांबच्या प्रवासात छाती-खांदा अवघडून गेला असता. बेताची ताकद म्हणजे वाटेत घर्षण थोडं वाढलं तरी ती हरते.

हे घर्षण वाढतं ते मुख्यतः खांद्याच्या वर, खांबावर असलेल्या कडीत. पट्टा तिथून वळून खाली रिळाकडे जातो. मानेचा घाम, अंगाचं तेल, क्रीम, धूळ हे सगळं पट्ट्याच्या विणीत मुरतं आणि प्रत्येक फेरीला थोडं थोडं कडीच्या खाचेत पुसलं जातं. तिथे काळपट, चिकट थर बसतो. कडीच्या आतल्या अंगाला बोट फिरवून बघा. बोट काळं झालं तर निम्मं निदान तिथेच झालं.

उरलेलं निदानही सोपं आहे. पट्टा बराच बाहेर ओढा आणि हातानेच कडीतून रिळाच्या बाजूला ढकलून थोडी ढील द्या. रिळाने ती ढील लगेच गिळली तर स्प्रिंग शाबूत आहे, अडथळा कडीत आणि पट्ट्यात आहे. ढील दिली तरी रीळ आळशासारखं बसून राहिलं, तर मात्र गोष्ट खाली, आवरणाच्या आत आहे.

आधी कडी साफ करा, कारण बऱ्याचदा तेवढ्यानेच काम भागतं. सुती कापडाची लांब पट्टी घ्या, साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळा, कडीच्या खाचेतून ओवा आणि दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढा. थर जुना असेल तर कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. कापडाला लावायचं, पट्ट्यावर ओतायचं नाही. खरवडायचंच असेल तर जुन्या प्लॅस्टिक कार्डाची कड चालेल. स्क्रू ड्रायव्हर किंवा ब्लेड नको. कडीवर चरा पडला तर तो पुढे रोज पट्टा कुरतडणार.

मग पट्टा. हळूहळू संपेपर्यंत बाहेर ओढा आणि जिथे तो आवरणातून बाहेर येतो तिथे कापड ठेवून वर क्लिप लावा, म्हणजे ओला असताना आत पळणार नाही. क्लिप कडीजवळ लावली तर कडी आणि रीळ यांच्यामधला भाग धुवायचा राहून जातो, आणि मळलेला तोही असतोच. खालचा भाग आवरणामागे लपलेला असेल तर अर्थात कडीपाशीच लावावी लागेल. कोमट पाण्यात सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि घासायचं विणीच्या दिशेने, लांबीला धरून. आडवं घासलं तर धागे फुलतात. दोन्ही बाजू घासा, मग ओल्या कापडाने साबण पूर्ण काढा. साबण राहिला तर पट्टा कडक होतो आणि पुन्हा रखडतो. ब्लीच, कपड्यांचा रंग, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही पट्ट्याला लावू नका. पट्टा पॉलिएस्टरच्या धाग्यांचा असतो, रसायनांनी धागा कमजोर झाला तर तो डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो थेट धडकेच्या वेळी.

वाळवण्यात घाई नको. रात्रभर तरी बाहेरच राहू द्या, हवा दमट असेल तर त्याहून जास्त. ओला पट्टा आत गेला की बुरशी धरते, वास येतो, आणि रिळातल्या लोखंडाला ओल लागते ती वेगळीच.

एक गंमत आधीच सांगून ठेवतो, नाहीतर घाबराल. काही गाड्यांत पट्टा पूर्ण बाहेर ओढला की रीळ लहान मुलांची सीट बांधण्याच्या पद्धतीवर जातं. मग पट्टा टकटक आवाज करत फक्त आतच जातो, बाहेर येत नाही. बिघाड नाही तो. पूर्ण आत जाऊ द्या, नेहमीसारखा होईल.

आता तेलाचं. पट्ट्यावर किंवा रिळात तेल मारलं तर पहिले काही दिवस खरंच मस्त चालतं, म्हणूनच हा उपाय इतका पसरलाय. पण तेल धूळ धरतं आणि पुढचा थर आधीपेक्षा चिकट बसतो. शिवाय रिळात फक्त स्प्रिंग नसते. गाडीला जोराचा ब्रेक लागला किंवा ती कलंडली की पट्टा अडकवणारी एक छोटी गोळी किंवा लोलक असतो, आणि पट्टा झटक्यात ओढला गेला की अडकवणारी वेगळी यंत्रणा असते. तिथे चिकट चिखल झालेला कुणाला हवाय? सिलिकॉन स्प्रेबद्दलही माझं मत हेच. काही कार कंपन्यांनी कडीच्या आत निसरडी टेप लावायचा उपाय सांगितला आहे, पण तो त्या त्या कडीसाठी. मनाने कुठलीही टेप चिकटवली तर कड सुटून पट्ट्याला अडकते.

साफसफाईनंतरही रखडत असेल तर आधी फुटकळ कारणं बघून घ्या: पट्टा कडीत पिळलाय का, खांबाचं आवरण नीट न बसल्यामुळे पट्ट्याला घासतंय का, खाचेतून नाणं किंवा चॉकलेटचा कागद आत पडलाय का, पट्ट्याची कड दुमडलीय किंवा उसवलीय का. पीळ असेल तर कडीच्या जरा खाली पट्टा तिरका दुमडून त्रिकोण करा आणि तो त्रिकोण कडीतून सरकवा, पीळ उलटतो. उसवलेला पट्टा मात्र धुण्या-शिवण्याच्या पलीकडचा असतो, तो बदलायचाच.

यातलं काहीच नसेल तर मग दोष रिळातला. इथे मी हात आखडता घेतो, आणि तुम्हीही घ्या. स्प्रिंगचं झाकण उघडून तिला दोन वेढे जास्त द्या, असं दाखवणारे व्हिडिओ सापडतील. झाकण निघताच ती ताणलेली पात उसळून बाहेर येते आणि पुन्हा मूळ ताणावर बसवणं घरी जमत नाही. त्याहून मोठं कारण म्हणजे आजच्या बऱ्याच गाड्यांत त्याच रिळाला प्रीटेन्शनर जोडलेला असतो. धडक होताच छोट्या स्फोटाने पट्टा आवळणारी ही दारू असते, आणि तिच्या वायरी एअरबॅगच्याच यंत्रणेत जातात. वर्कशॉपमध्येही बॅटरीची तार काढून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबून मगच हात घालतात. रीळ दुरुस्त करत नाहीत, पट्ट्यासकट पूर्ण बदलतात. भंगारातलं जुनं घेऊ नका, ते एखाद्या अपघातात आधीच ताण खाऊन आलेलं असू शकतं. डाव्या-उजव्या बाजूची अदलाबदलही चालत नाही, कारण ती अडकवणारी गोळी ठरावीक कोनातच काम करते.

हे सगळं होईपर्यंत गाडी चालवावी लागणारच. तेव्हा बकल लावल्यावर खांद्याकडचा पट्टा हाताने वर ओढा, म्हणजे मांडीवरची ढील निघते, आणि वर साठलेली ढील कडीतून आत सारा. ढिला पट्टा लावून बसणं धोक्याचं, कारण धडकेत शरीर आधी तेवढं पुढे फेकलं जातं आणि मग पट्टा पकडतो. उतरताना पट्टा हाताने पूर्ण आत घाला आणि मगच दार लावा, नाहीतर बकलची धातूची जीभ दाराच्या कडेचा रंग उडवते.