मुरघास (खड्ड्यात हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा) गोठ्यापर्यंत न्यायला हायड्रॉलिक ट्रॉली पुरेल, की स्वतः रिकामी होणारी गाडी घ्यावी?

काम कोणतं, त्यावर ठरवा. शेतातून हिरव्या चाऱ्याची कुट्टी मुरघासाच्या खड्ड्यावर आणून ओतायची असेल तर हायड्रॉलिक ट्रॉलीला तोड नाही. फाळका उघडला, ट्रॉली उचलली, ढीग खाली. फक्त जमीन सपाट हवी. ओली कुट्टी पुढच्या कोपऱ्यात चिकटून बसते, मागचा माल निसटतो आणि सगळं वजन वर राहतं. अशा वेळी एक चाक जरी खचलं तरी ट्रॉली कलंडते.

रोज गव्हाणीत टाकायचं असेल तर मात्र ट्रॉली गैरसोयीची. गोठ्याचं छत आडवं येतं, आणि पडलेला ढीग फावड्याने पसरावा लागतो तो वेगळाच. इथे सरकत्या तळाची, म्हणजे स्वतः रिकामी होणारी गाडी कामाची. तळाशी साखळ्यांवर आडव्या पट्ट्या असतात, त्या माल हळूहळू ढकलतात आणि बाजूच्या तोंडातून तो सरळ गव्हाणीत पडतो. गाडी चालत राहते, चारा पसरत जातो.

जनावरं बरीच असतील आणि पेंड, सुका चारा एकत्र द्यायचा असेल तर मिक्सर गाडीच बघा. तिच्यात बहुधा वजनकाटाही असतो. पण ती ओढायला आणि फिरवायला ट्रॅक्टरही तसाच दमदार लागतो.

साखळी अडकली तर आधी पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद गाडीला देणारी जोडणी) बंद, ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात. मगच हात घाला. पीटीओच्या फिरत्या शाफ्टवरचं कव्हर तुटलं असेल तर गाडी जोडूच नका.

आणि खड्ड्यातून एका दिवसाला लागेल तेवढंच काढा. गाडीत भरून ठेवलेला मुरघास हवा लागून तापतो, मग जनावरं तोंड लावत नाहीत.