आधी काट्यावर जा, मग वेल्डरकडे

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

पिकअपच्या हौद्यात संसार मांडून फिरणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असं मागच्या अंकात सहज लिहून गेलो. पत्रं आली, भरपूर आली. निम्म्या पत्रांत प्रश्न एकच, "गाडीला अजून काय लावू?" एकतीस वर्षं धुळ्यात ट्रकच्या बॉड्या बांधतोय. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना छेदतात त्याच्या जवळच वर्कशॉप आहे. 'अजून लावा' म्हटलं तर माझाच धंदा होतो. तरीही खालची उत्तरं वाचा.

प्रश्न : नाना, आमची डबल केबिन पिकअप आहे, पिवळ्या पाटीची. वडिलांनी दहा वर्षं तिच्यात केळी वाहिली, आता ती माझ्याकडे आली. हौद्यावर लोखंडी रॅक, रॅकवर उघडणारा तंबू, खाली प्लायचे खण, मागे कमानीला (स्प्रिंगला) दोन-दोन पाटे जास्त आणि मोठे टायर, एवढं दीड लाखात बसवायचंय. आम्ही चौघं मित्र. आधी तोरणमाळ, पुढच्या वर्षी स्पिती. काय राहिलं? (यावल तालुक्यातून)

उत्तर : भाऊ, राहिलं काहीच नाही, झालंय ते जास्त. वेल्डरकडे जायच्या आधी गाडी रिकामी करा, टाकी फुल्ल करा आणि जवळच्या जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर न्या. पन्नास-शंभर रुपये घेतील. एकदा पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग नुसतं पुढचं चाक काट्यावर ठेवून आणि नुसतं मागचं ठेवून. आता आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, काढा. त्यावर भरलेल्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. त्यातून काट्याचा आकडा वजा केला की जे उरेल ते तुमचं भांडवल. ड्रायव्हरही त्यातच, मागे बसून गाणी म्हणणारा मित्रही त्यातच.

समजा ९०० किलो उरले. तुमच्या यादीत ४० बाय ४० चा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप आहे. तो मीटरला साधारण साडेतीन किलो भरतो. रॅकला तीस मीटर लागला की शंभर किलो झाले, तंबू अजून चढलेलाच नाही. तंबू ६०. अठरा मिलिमीटर प्लायचे खण, रूळ आणि कड्यांसकट ७०. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो. वीस लिटर डिझेल कॅनसकट १९. बॅटरी ३०, दुसरी स्टेपनी ३०, चार माणसं २८०, कपडेलत्ते, भांडी, सिलिंडर, अवजारं १२०. बेरीज ७६९. "मग बसतंय की!" म्हणाल. डांबरी रस्त्यावर बसतं. खडकाळ वाटेवर गाडी आदळते तेव्हा तेच वजन पाट्यांवर कितीतरी जोरात येतं. म्हणून मी स्वतः भांडवलाच्या सत्तर टक्क्यांवर हात आखडतो. ९०० असतील तर ६३०.

वजन किती यापेक्षा कुठे, ही गोष्ट मोठी. तुमच्या रावेर-सावद्याकडे केळीची गाडी भरणाऱ्या माणसाला कुणी इंजिनिअरिंग शिकवलेलं नसतं. पण गाडी मागे बसायला लागली की तोच ओरडतो, "पुढं घ्या, पुढं!" तुम्ही शंभर किलोचं लोखंड आणि साठ किलोचा तंबू डोक्याच्या उंचीवर चढवताय आणि पाण्याचे कॅन मागच्या फाळक्याला टांगताय. तोरणमाळच्या वळणांवर गाडी झोके घेईल. पाणी केबिनच्या पाठीला, हौद्याच्या तळाशी ठेवा. अवजारं त्याच्या शेजारी. मागे फक्त अंथरुणं आणि कपडे.

रॅक हवाच असेल तर तो २५ बाय २५, २ मिलिमीटरच्या पाईपचा करा. मीटरला दीड किलोसुद्धा भरत नाही. कोपऱ्यांना तिरप्या आडण्या द्या. जाड पाईपने रॅक पक्का होतो असं वाटतं, पण तो आडण्यांनी होतो. उंची केबिनच्या टपाएवढीच ठेवा. खणांना १२ मिलिमीटर प्लाय पुष्कळ झाला. आणि वेल्डरला आधीच सांगून ठेवा की चॅसिसला इलेक्ट्रोड लावायचा नाही, भोकही पाडायचं नाही. वेल्डिंगच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि वर्षभराने तिथूनच चीर जाते. हौद्याच्या ताडपत्रीच्या कड्या आणि कंपनीने दिलेली भोकं वापरा. रॅक दोन माणसांना अर्ध्या तासात उतरवता आला पाहिजे.

पाटे. तुमची मालगाडी, तिचे पाटे टनाच्या हिशेबाने बसवलेले. सहाशे किलोला ते मुळातच कडक पडतात, म्हणून तर रिकामी पिकअप खड्ड्यात उडते. त्यात अजून दोन घातलेत तर खणातली अंडी सोडा, तुमचे दात हलतील. दहा वर्षांचे पाटे बसले असतील तर कमानवाल्याकडून त्यांना पुन्हा बाक काढून घ्या, बुश आणि शॉकॲब नवे टाका. दीड लाखातले पहिले पंचवीस-तीस हजार तिथे आणि ब्रेकवर घाला.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फजितीने सांगतो. माझ्या स्वतःच्या गाडीला मी दोन पाटे वाढवले होते. नवे पाटे घातले की चार-पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट, म्हणजे पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे बोल्ट, पुन्हा आवळायचे असतात. गिऱ्हाईकाला मी हे दहादा सांगतो, स्वतःच्या गाडीला विसरलो. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाटात मागून कडकन आवाज आला. यू-बोल्ट ढिले, म्हणून पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला, एका बाजूने ॲक्सल मागे सरकला आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. बायको म्हणाली, "ट्रकवाल्याचं घर आणि ट्रकच वाकडा." साखळीने ॲक्सल जागेवर ओढला, ट्रॅक्टरचा एक बोल्ट कापून बसवला आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धडगाव गाठलं. तेव्हापासून माझ्याकडे दोन सेंटर बोल्ट आणि एक यू-बोल्ट कायम असतो. स्पितीला जाताना तुम्हीही घ्या, सगळे मिळून दोन-तीन किलो.

टायर कंपनीच्याच मापाचे घ्या, नक्षी खडबडीत घ्या. मोठ्या टायरने गिअर जड होतो, स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो आणि ब्रेकला कष्ट पडतात. खडीच्या रस्त्यावर हवा ४० वरून २८-३० वर आणली की गाडी मऊ चालते. डांबर लागल्यावर पुन्हा भरा. हवेचा पंप बॅटरीला चिमट्याने जोडायचा असतो, लायटरच्या सॉकेटला जोडलात तर फ्यूज उडेल.

आता कायदा, कारण घरी पोलिसांचा कागद आला की सगळे माझ्याकडे येतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ नोंदीहून वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं : बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणून सुटा, उतरणारा रॅक म्हणतोय. पासिंगला जाताना तो घरी ठेवता येतो. पिवळ्या पाटीच्या हौद्यात चालत्या गाडीत माणूस बसवायचा नाही. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला पिकअप भरभरून जातात हे मलाही दिसतं. पण अपघात झाला तर मालगाडीतल्या फुकट प्रवाशाची भरपाई विमा कंपनीच्या गळ्यात पडत नाही, मालकाच्या पडते. चौघं केबिनमध्ये बसा.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, दोघंही निवृत्त. पांढऱ्या पाटीची पिकअप. मागे ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज आणि १०० ॲम्पिअर-अवरची साधी बॅटरी, गाडी चालू असताना चार्ज होईल अशी. तरी फ्रिज रात्री दोन वाजता बंद पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो बॅटरी खराब. दोन बदलल्या. (जळगाव)

उत्तर : तिसरी घेऊ नका. तुम्ही पत्रासोबत वायरचा तुकडा पाठवलात हे फार बरं केलंत. ती २.५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर आहे, घरातल्या प्लगची. इंजिनपासून हौद्यापर्यंत पाच मीटर जायला, पाच यायला. वीस ॲम्पिअर वाहिले की तेवढ्यात जवळजवळ दीड व्होल्ट वायरच खाते. पुढे चौदा, मागे साडेबारा. साडेबाराला बॅटरी भरत नाही, भरल्यासारखी वाटते. १६ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर घाला, प्लस-मायनस दोन्ही पुढून आणा, चॅसिसच्या अर्थवर विसंबू नका. दोन्ही टोकांना बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. हे दोन फ्यूज नसतील तर रात्री त्या गाडीत झोपू नका.

एवढं केलं तरी एप्रिल-मेचं गणित वेगळंच आहे. फ्रिज चालू असताना ५० वॉट घेतो. आपल्याकडे ४४-४५ डिग्रीला कॉम्प्रेसर चोवीस तासांतले चौदा-पंधरा तास चालतो. म्हणजे दिवसाला ७०० वॉट-अवरच्या वर, साठ ॲम्पिअर-अवर. साधी बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे तुमच्या शंभरातले वापरायचे पन्नासच. एक दिवसही पुरत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली तर दीड दिवस, वजन तीस किलोऐवजी बारा. पण ती इंजिनजवळ ठेवायची नाही, उष्णतेने लवकर संपते. आणि तिच्यासाठी मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे तिला हवा तेवढा व्होल्टेज देणारा डबा, लागतो. जुनी साधी बॅटरी ठेवणार असाल तर ती झोपायच्या बंद जागेत नको, चार्ज होताना गॅस सोडते.

एक विचारू? फ्रिजमध्ये असतं काय? तुम्हीच लिहिलंय : औषधं नाहीत; फक्त दूध, पाण्याच्या बाटल्या आणि भरिताची वांगी. वांग्यांना फ्रिज कशाला! आमच्या लहानपणी प्रत्येक ट्रकच्या पुढे कॅनव्हासची छागल लटकलेली असायची. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात तिच्यातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं. पावसाळ्यात नाही होत, हवा दमट असते. जाड कापडाची पिशवी अजून शिवून मिळते. मग फ्रिज रात्री बंद ठेवा आणि सकाळी दूध विकत घ्या.

प्रश्न : पुढे जाड लोखंडी गार्ड लावू का? रानडुक्कर आडवं येतं. (चाळीसगाव)

उत्तर : नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना असल्या गार्डवर कारवाई करायला सांगितलंय. कारण रास्त आहे : धडक बसली की गाडीचा पुढचा भाग चेपून जोर गिळतो. गार्ड तो जोर थेट चॅसिसला देतो आणि एअरबॅगचा हिशेब चुकवतो. रस्त्यावरच्या माणसाचं काय होतं ते वेगळंच. कन्नड घाटात रात्री चाळीसने चला.

प्रश्न : नाना, मी आणि माझी बहीण, दोघीच फिरतो. श्रावणात अनेर धरणाकडे निघालो, शेतातल्या वाटेवर काळ्या मातीत गाडी फसली. फोर बाय फोर असूनही. कुणाच्या तरी ट्रॅक्टरने काढली, पण ओढताना बंपर निघून आला. कुठे चुकलं? रात्री थांबायला जागा कशी शोधायची? (शिरपूर)

उत्तर : ताई, चूक वाट निवडण्यात झाली, गाडीत नाही. ओली काळी माती टायरच्या नक्षीत भरते आणि चार फेऱ्यांत टायर पाटीसारखा गुळगुळीत होतो. मग चारही चाकं मिळून फिरतात, पुढे कुणीच जात नाही. वाळूत हवा कमी केली की फायदा होतो, तापीच्या पात्रात मी १८ वर आणून निघालोय. काळ्या मातीत त्याचा उपयोग फार थोडा. पावसाळ्यात शेतवाटेवर उतरायच्या आधी पायी चालून बघा. चपलेला माती चिकटून पाय जड झाला की परत फिरा.

फसल्यावर ॲक्सिलरेटर दाबू नका. गाडी पोटावर बसेपर्यंत थांबला नाहीत तर ट्रॅक्टरलाही घाम फुटतो. चाकांपुढची माती फावड्याने उतरती काढा आणि गोणपाट, तुऱ्हाट्या, जे मिळेल ते खाली घाला. साखळी बंपरला कधीच बांधायची नाही, बंपर फक्त पत्र्याला धरून असतो. पुढे-मागे चॅसिसला ओढायचा हुक असतो, तो आधी शोधून ठेवा. साखळीवर ओलं गोणपाट टाका. तुटली तर ती चाबकासारखी उडते, गोणपाट तिला खाली पाडतं. ट्रॅक्टरवाल्याला सांगा, झटका नको, आधी साखळी ताणून घ्या, मग हळू. बघ्यांना साखळीच्या लांबीच्या दुप्पट लांब उभं करा. खान्देशात पोरं बघायला पळत येतातच.

मुक्कामाचं म्हणाल तर अनेर धरणाचा परिसर अभयारण्य आहे, यावलही, पाटणादेवीकडचं गौताळाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही, रात्र काढणं तर दूरच. वनरक्षकाला आधी भेटा. बाहेर असाल तर उजेड असेपर्यंत गावात पोचा, पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला सांगा. बहुतेक शाळेचं पटांगण किंवा देवळापुढची जागा दाखवतात, नळही दाखवतात. नदीच्या पात्रात आणि धरणाच्या खालच्या बाजूला तंबू नको, पाणी सुटतं. सातपुड्यात डिसेंबरात थंडी बोचते म्हणून शेगडी गाडीत घेऊन झोपायचं नाही. कोळसे विझत आले तरी त्यांचा वायू मारतो, आणि त्याला वास नसतो. दोन गोधड्या जास्त घ्या.

बंपर घेऊन या, पण पत्रा कुठून फाटलाय त्याचा फोटो आधी पाठवा. बोल्टच्या भोकाशी फाटला असेल तर पट्टी मारून बसेल, मधोमध फाटला असेल तर नवा घ्यावा लागेल.